बुरसटलेली भाकर

दोस्तांनो, भूक माणूस मारते हे आपल्याला शिकवायला नको. पण भाकरही मारते. कशी, ते पंचमहाल आणि बांसवाड्याच्या भिल्लांना विचारा.

साल १९७४. गुजरात-राजस्थानच्या सीमेवरचे आदिवासी मुलूख. दुष्काळाने आधीच पिळून काढलेले. मका हेच पोट. ऐन कापणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस कोसळला. कणसं भिजली. साठवायला धड जागा नाही. दाण्यावर बुरशी चढली. घरात दुसरं धान्य नव्हतं. तेच दळलं, तेच खाल्लं. मग डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरलं. घरचं खाणारी कुत्रीसुद्धा तशीच मेली. ३९७ माणसं आजारी पडली. १०६ गेली.

या विषाचं नाव अफ्लाटॉक्सिन. ओल्या दाण्यावर वाढणारी बुरशी ते तयार करते आणि ते थेट यकृत खातं. भाजा, शिजवा, थापा; चुलीच्या आचेने ते जात नाही. दळल्यावर तर बुरशी दिसतही नाही. आज धान्यातल्या या विषाची मर्यादा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. भिल्लांच्या मक्यात ते किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅम निघालं!

आणि हे विष तेव्हा अनोळखी होतं काय? मुळीच नाही. १९६० साली इंग्लंडात लाखावर टर्की कोंबड्या मेल्या. मालकांचं नुकसान झालं, तेव्हा शास्त्रज्ञ धावले, शेंगदाण्याच्या पेंडीतून विष शोधून काढलं. चौदा वर्षांनी तेच विष भिल्लाच्या ताटात होतं. कोंबडीच्या मरणातून निघालेलं ज्ञान माणसाच्या झोपडीपर्यंत पोचलं नाही.

तज्ज्ञांनी कारणं लिहिली: अवकाळी पाऊस, दुष्काळ, साठवणुकीची गैरसोय आणि अज्ञान. अज्ञान! बुरशी काय त्यांना दिसत नव्हती? पण दाणा फेकला तर खायचं काय, याचं उत्तर कोणाकडे होतं? १९९५ साली आपल्याच दख्खनच्या पठारावर पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन गावंच्या गावं पोटदुखी-हगवणीने आडवी झाली. बुरशी वेगळी, विष वेगळं. ताट तेच, गरिबाचं.

पाऊस जात बघत नाही म्हणतात. पाऊस नसेल बघत. पण भिजलेलं धान्य कोणाच्या पदरात पडतं ते बघा, मग बोला.

म्हणून शहरातल्या पोरांनो, गावाकडे जाल तेव्हा सांगा: कणसं उघड्या मातीवर टाकू नका, दाणा कडकडीत वाळल्याशिवाय कणगीत भरू नका, बुरसटलेला निवडून फेका, गुरांनाही घालू नका. पण नुसता उपदेश करून परत याल तर थू आपल्यावर! फेकलेल्या दाण्याच्या बदल्यात चांगला दाणा मागा. पीक भिजलं की त्याच आठवड्यात रेशनवर सुकं धान्य, गावात वाळवणयंत्र, तालुक्याला तपासणी. रेशनच्या पोत्याला कुबट वास आला तर मुकाट घरी आणू नका. तिथंच दुकानासमोर ओता, चारचौघांना दाखवा.

भाकर मागणं ही भीक नाही. बिनविषाची भाकर मागणं तर नाहीच नाही.