पॅकेजांचा साठा शाळेत हवा

संख्याशास्त्राची ‘आर’ ही संगणकभाषा न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी निर्माण केली. ती विनामूल्य आहे. तिला जोडावयाची पॅकेजेही विनामूल्यच. १९९७ पासून ती ‘क्रॅन’ नामक भांडारात साठविली जातात व आज त्यांची संख्या २०,०००हून अधिक आहे.

परंतु विनामूल्य ते सर्वांच्या आटोक्यातले, असे नव्हे. आलेखांचे ‘जीजीप्लॉट-टू’ मागवावे, तर ते आपले सारे गणगोत बरोबर घेऊन येते. त्या इतर पॅकेजांवाचून त्याचे पाऊल पुढे पडत नाही. घरी जुना संगणक आणि मोबाईलवरचे मोजके इंटरनेट, एवढ्यावर इंदूरच्या पावसाचा आलेख काढू पाहणाऱ्या मुलाने हे वऱ्हाड कसे पोसावे?

म्हणून माझे मत असे की, नेहमीची पॅकेजे शाळेनेच एकदा उतरवून घ्यावीत आणि मुलांना पेन ड्राइव्हवर न्यावयास द्यावीत. बहुतेकांचे परवाने तशी मोकळीक देतात. मात्र गणगोतासकट द्यावीत. एकट्या फाइलीवरून पॅकेज बसविताना बाकीची आपोआप येत नाहीत. ‘आर’ची नवी आवृत्ती आली की साठाही नवा करावा लागेल. ते काम अकरावीच्या मुलांकडे खुशाल सोपवावे.