डिझेल कोणाचे सांडले, हे पंचनाम्यात कोण लिहिणार?

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात दुचाकी ही कोणाची हौस नाही. कंपनीची बस कायम कामगारासाठी असते. भोसरी, मोशी, देहूरोड, आळंदी, राजगुरूनगर इथून कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडीच्या कारखान्यांत पाळीला पोचणाऱ्या कंत्राटी पोराकडे हप्त्यावरची नाहीतर जुनी घेतलेली मोटरसायकल असते. दहा मिनिटे उशीर झाला की ठेकेदार अर्धा रोज कापतो. त्याच वेळी त्याच रस्त्यावर कंटेनर, ट्रेलर, पत्र्याच्या कॉइल वाहणारे ट्रक धावत असतात. त्यातल्या एखाद्याच्या टाकीतून चौकात चार लिटर डिझेल सांडते, ट्रक निघून जातो, आणि मागून आलेला पोरगा आडवा होतो.

अशा अपघाताला आपल्याकडे एकच शब्द आहे: ‘स्लिप झाला.’ नातेवाईक तेच म्हणतात. दवाखान्यात केसपेपरवर तेच लिहिले जाते. पोलीस ठाण्यात ‘स्वतः गाडी घसरून पडला’ एवढ्या एका वाक्यावर प्रकरण मिटते. त्या एका वाक्याने त्या कुटुंबाचे किती नुकसान होते, हे वकिलीच्या धंद्यात असल्यामुळे मला रोज दिसते. घसरला म्हणजे चूक त्याचीच, आणि चूक त्याची म्हणजे भरपाई मागायची कोणाकडे?

आधी हे डिझेल सांडते कसे ते पाहू. सरळ रस्त्यावर ते कमी सांडते, वळणावर जास्त. टाकी काठोकाठ भरून ट्रक पंपावरून निघतो आणि पहिल्या चौकात वळतो. वळताना तो कलतो, टाकीतले तेल हेलकावते, आणि झाकण ढिले असेल किंवा झाकण चोरीला गेल्यामुळे तिथे चिंधी कोंबलेली असेल, तर तेल बाहेर येते. म्हणजे जिथे मोटरसायकलही वळणासाठी कललेली असते, नेमके तिथेच ते सांडते. पेट्रोल सांडले तर लवकर उडून जाते. डिझेल जड, ते तासन्‌तास रस्त्यावर पसरून राहते. वरून पावसाची पहिली सर आली की पाण्यापेक्षा हलके असल्याने ते वर तरंगते आणि धुळीत मिसळून साबणासारखे होते. दिवसा ते इंद्रधनुष्यासारखे चमकते म्हणून दिसते तरी. रात्रपाळी सुटताना काहीच दिसत नाही. चारचाकी घसरली तरी उभी राहते. दुचाकीचा रस्त्याला टेकलेला भाग तळहाताएवढा, त्याखाली तेल आले की ब्रेक मारा अथवा मारू नका, ती जातेच.

आणि एकटे डिझेलच नाही. भोसरी-चाकणच्या मशिनिंगच्या कारखान्यांतून लोखंडी किसाचे स्क्रॅप टेम्पोत भरून जाते. त्यातून कूलंट आणि तेल वाटभर ठिबकत असते. वापरलेले तेल हा २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे. कागदावर त्याचा हिशेब ठेवायचा असतो. रस्त्यावर किती सांडले याचा हिशेब मात्र कोणी मागत नाही.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. कारणांच्या तक्त्यात अतिवेग आहे, दारू आहे, उलट दिशेने चालवणे आहे, मोबाईल आहे. म्हणजे चालवणाऱ्याचे दोष बारकाईने मोजले जातात. रस्त्यावर सांडलेल्या तेलाला स्वतंत्र रकाना नाही. जे मोजलेच जात नाही, त्यासाठी निधी कुठून येणार?

आता कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्यात भरपाईचा हक्क ‘वाहनाच्या वापरातून उद्भवलेल्या’ अपघाताला आहे. धडक बसलीच पाहिजे असे तो म्हणत नाही. याचा सर्वात मोठा दाखला महाराष्ट्रातलाच आहे. २९ ऑक्टोबर १९८७ रोजी पहाटे सातारा जिल्ह्यात कवठे गावाजवळ महामार्गावर पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून रस्त्याखाली उलटला. पेट्रोल गळत राहिले. सुमारे चार तासांनी स्फोट झाला आणि तिथे जमलेली माणसे भाजून मेली. मेलेल्या एका मुलाच्या आईने भरपाई मागितली. न्यायाधिकरण म्हणाले, स्फोटाचा वाहनाच्या वापराशी संबंध नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ते फिरवले आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या आईच्या बाजूने निकाल कायम केला: टँकर उलटून पडलेला असला, चार तास उलटले असले, तरी हा अपघात त्या वाहनाच्या वापरातूनच उद्भवला. उभ्या टँकरातून गळलेले पेट्रोल जर ‘वापरातून’ आले असेल, तर धावत्या ट्रकमधून सांडलेले डिझेल त्यात का बसू नये?

ट्रक सापडला नाही तर? कलम १६१ खाली, ज्या वाहनाची ओळख पटत नाही त्याच्यामुळे मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पासूनचे हे दर आहेत. अर्ज प्रांत किंवा तहसीलदाराकडे करायचा. याला लोक ‘हिट अँड रन’ म्हणतात, म्हणून ठोकर बसलीच पाहिजे असा समज आहे. पण कायद्यातली व्याख्याही पुन्हा ‘वाहनाच्या वापरातून’ एवढेच म्हणते. माझ्या वाचनाप्रमाणे तेल सांडून पळालेला ट्रक त्यात बसतो. हे भांडून घ्यावे लागेल, कोणी आणून देणार नाही. ब्रिटनमध्ये अनोळखी वाहनाने सांडलेल्या डिझेलवरून पडलेले दुचाकीस्वार विमा कंपन्यांच्या सामाईक निधीकडे दावे करतात. तिथे ही गोष्ट कोणाला विचित्र वाटत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी खड्डे आणि उघड्या मॅनहोलच्या बळींसाठी मृत्यूला ६ लाख आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख रुपये ठरवून दिले. सुरक्षित रस्ता हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे त्यामागचे तत्त्व. खड्ड्याची खबर मिळाल्यावर ४८ तासांत दुरुस्तीही करायला सांगितली. डिझेलला ४८ तास पुरत नाहीत, ४८ मिनिटांत पाच जण पडतात. खबर मिळूनही तेल तसेच ठेवणारी यंत्रणा खड्डा ठेवणाऱ्या यंत्रणेपेक्षा कमी दोषी कशी? हा प्रश्न आता न्यायालयात न्यायला हवा. इथे अडचण अशी की चाकणमध्ये नाशिक महामार्ग एकाचा, औद्योगिक वसाहतीतले रस्ते एमआयडीसीचे, गावातले नगरपरिषदेचे. पडलेला माणूस मात्र सगळीकडे सारखाच.

ट्रकच्या ड्रायव्हरला झोडपून काही साधत नाही, हेही बजावून सांगतो. तोही बारा-चौदा तास चालवणारा, आपल्यातलाच. झाकण बसवायचे काम मालकाचे आहे, आणि भरपाई द्यायची आहे त्या ट्रकच्या विमा कंपनीने.

कामावर जाता-येता झालेल्या अपघाताची गोष्ट तर अनेक कामगारांना माहीतच नाही. राज्य विमा कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने, घर ते कारखाना या वाटेवरचा अपघात कामाशी संबंध दाखवता आला तर कामावरचाच धरला जातो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते तत्त्व आहे. इथे चूक कोणाची हा प्रश्नच येत नाही. म्हणून तर ठेकेदार विम्यात नाव घालायला टाळाटाळ करतो. पगाराच्या पावतीवर विम्याची कपात होते का, ते आजच पाहा. गाडीचा विमा संपलेला नाही ना, जुनी घेतलेली गाडी आपल्या नावावर झाली का, हेही पाहा. गाडीमालकाच्या स्वतःच्या अपघात विम्याचे १५ लाख केवळ या दोन कारणांनी बुडतात.

अपघात झाला तर पहिल्या तासात काय करायचे? तेलाचा फोटो काढा, गाडी आणि खूण एकाच चौकटीत येतील असा. जखमीच्या कपड्यांना तेल लागले असेल तर ते धुऊ नका. केसपेपरवर ‘रस्त्यावर सांडलेल्या तेलावरून पडला’ हे शब्द लिहून घ्या. चौकातल्या आणि जवळच्या पंपावरच्या कॅमेऱ्यांचे चित्रण जपून ठेवण्याचा लेखी अर्ज त्याच दिवशी द्या, कारण ते काही दिवसांत पुसले जाते. मदत करणाऱ्याला साक्षीसाठी जबरदस्ती करता येत नाही, तेव्हा पाहणाऱ्यांनी घाबरू नये. भरपाईच्या दाव्याला कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तेरावा, वर्षश्राद्ध होऊ दे म्हणत थांबू नका.

दरम्यान १०१ ला वर्दी द्या. नुसते पाणी मारू देऊ नका, त्याने तेल पसरते. माती किंवा लाकडाचा भुसा टाकून, तेल शोषल्यावर तो झाडून उचलला पाहिजे. तसाच राहिला तर त्यावरूनही गाड्या घसरतात.

आणि युनियनच्या, मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक काम. पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे एवढीच मागणी लेखी द्या, की दुचाकी अपघाताच्या प्रत्येक घटनास्थळ पंचनाम्यात एक छापील प्रश्न असावा: ‘रस्त्यावर तेल अथवा डिझेल होते काय? असल्यास नमुना घेतला काय?’ या कामाला खर्च एका ओळीच्या शाईचा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.