बोअरचा आकडा आणि दाबाचा प्रश्न

भिलाई हे लोखंड घडविणाऱ्यांचे गाव आहे. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून येथील पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. लेथवर केसाएवढा फरक ओळखणारी माणसे येथे गल्लोगल्ली भेटतात. म्हणूनच शस्त्रपरवाना शाखेचे काम माझ्याकडे असताना घडलेला एक प्रसंग मला येथे राहायला आल्यापासून वारंवार आठवतो.

एक मराठी गृहस्थ आजोबांच्या काळातील लिव्हर-ॲक्शन रायफल घेऊन आले. चापाभोवतीची कडी खाली-वर केली की नवे काडतूस नळीत बसते, अशी ही रचना. काडतूस थर्टी-थर्टी. परवान्यावर मात्र एवढेच लिहिलेले होते : '३० बोअर'. काडतुसे बाजारात मिळत नाहीत, तेव्हा ओळखीच्या मिस्त्रीकडून पुंगळ्या कातून घ्याव्यात, नळीचा मागचा भाग थोडा खोदून घ्यावा आणि जास्त दारू भरून गोळीचा वेग वाढवावा, असा त्यांचा विचार होता. "साहेब, अमेरिकेत लोक घरच्या टेबलावर काडतुसे भरतात," असे त्यांचे म्हणणे. मी फाइलवर एक ओळ लिहिली : 'नियमात बसत नाही.' निर्णय बरोबर होता. ती ओळ मात्र चूक होती, असे मी आज म्हणतो.

त्यांच्या मागणीत काय चुकीचे होते, ते आधी पाहू. कोणत्याही कारखान्याने प्रमाणित न केलेल्या, कोणीतरी स्वतः आकार बदलून घडविलेल्या काडतुसाला शौकीन लोक 'वाइल्डकॅट' म्हणतात. त्यातून मिळणारा लाभ तपासण्यासारखा आहे. दाब तोच ठेवून पुंगळीची धारणक्षमता १० टक्के वाढविली तर वेग साधारण अडीच टक्के वाढतो, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. सेकंदाला २२०० फुटांचा वेग असेल तर वाढ होते ५५ फुटांची. त्यासाठी आजोबांची नळी कायमची खोदायची! याहून अधिक वेग हवा असेल तर दाबच वाढवावा लागतो. थर्टी-थर्टीसाठी अमेरिकेत ठरलेली दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचास सुमारे ४२,००० पौंड आहे. जुन्या लिव्हर रायफलींत खटक्याचा आधार मागच्या बाजूला असतो, त्यामुळे दाब वाढला की सांगाडा ताणतो आणि पितळी पुंगळी लांबते. टोपी चपटी झालेली किंवा पुंगळी अडकलेली दिसते तेव्हा मर्यादा बहुधा आधीच ओलांडलेली असते. शिवाय या रायफलींत काडतुसे नळीखालच्या पन्हळीत एकामागे एक बसतात. टोकदार कडक गोळी भरली तर धक्क्याने तिचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आपटण्याचा धोका असतो. म्हणून तेथे चपट्या तोंडाचीच गोळी हवी. मिस्त्रीचे कौशल्य अस्सल असेल, पण दाब कौशल्याने मोजता येत नाही. त्याला साधन लागते, आणि ते त्याच्याकडे नसते.

आता शासनाकडे वळू. आपल्या शस्त्रधोरणाला आकड्याचा मोह फार जुना आहे. १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारने .४५० बोअरच्या रायफली आणि काडतुसे हिंदुस्थानात आणण्यास बंदी केली. मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती होत्या, आणि या काडतुसांतील गोळ्या त्यांत वापरल्या जातील ही भीती होती. परिणाम काय झाला? विलायती कारागिरांनी .४६५, .४७०, .४७५ अशी नवी काडतुसे बाजारात आणली. शक्ती जवळजवळ तीच, फक्त आकडा बदलला. पुढे .३०३ हे लष्करी म्हणून नागरिकांना निषिद्ध राहिले आणि .३१५ रूढ झाले. तेही मुळात ऑस्ट्रियाच्या ८ मिलिमीटर लष्करी काडतुसावरून घेतलेले! आकड्यावर घातलेली बंदी आकडा बदलूनच चुकविली जाते, हा धडा शंभर वर्षांनंतरही आपण शिकलेलो नाही.

ब्रिटनमध्ये १९५४ नंतरच्या कसोटी-नियमांनुसार तपासलेल्या नळ्यांवर दाबाचा आकडा टनांत कोरलेला आढळतो. आपल्या परवान्यावर दाब नसतो, आणि पुष्कळदा काडतुसाचे पूर्ण नावही नसते. '३० बोअर' या एका शब्दप्रयोगात परस्परांहून सर्वस्वी भिन्न काडतुसे मावतात. त्या गृहस्थांनी नळी खोदून घेतली असती, तरी परवान्यावरचे एक अक्षरही बदलले नसते!

कायदा दुबळा आहे असे मात्र नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात 'दारूगोळा' या शब्दात काडतुसे तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. कलम ५ प्रमाणे परवान्याविना शस्त्र वा काडतूस बनविणे, शस्त्रात बदल करणे हे गुन्हे आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीची शिक्षा किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप आहे. एवढी कठोर शिक्षा ठेवणाऱ्या राज्याने नागरिकाला एक ओळ लिहून परत पाठवावे का? परवाना नाकारताना कारणे लेखी नोंदवावीत, असे त्याच अधिनियमाचे कलम १४ सांगते. माझ्यापुढचा अर्ज परवान्याचा नव्हता, एवढी पळवाट मला उपलब्ध होती. पण कारण कळलेला माणूस थांबतो, आणि न कळलेला आडमार्ग शोधतो. माझ्या त्या एका ओळीने त्यांना कदाचित त्याच मिस्त्रीकडे पाठविले असेल. तसे झाले का, हे तपासण्याची तसदीही मी घेतली नाही.

म्हणून माझे म्हणणे तीन गोष्टींचे आहे. परवान्यावर बोअरऐवजी काडतुसाचे पूर्ण नाव लिहावे. नूतनीकरणाच्या वेळी शस्त्र पाहून ते नाव चेंबरशी ताडून घ्यावे. आणि जुन्या वारशाच्या शस्त्रांसाठी काडतुसांचा अधिकृत पुरवठा तरी करावा, नाहीतर ती निकामी करून स्मृती म्हणून जपण्याचा सोपा मार्ग तरी द्यावा. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे विभाजन होऊन दारूगोळ्याचे कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेले. अशा अल्प मागणीचा विचार तेथे व्हायला हरकत नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या अनेक मराठी घरांत अशी एखादी बंदूक कपाटात असेल. १९५६ पर्यंत हा मुलूखही नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता, तेव्हाचे कितीतरी परवाने वारशाने चालत आले आहेत. आजोबांच्या बंदुकीचा अभिमान जरूर बाळगावा. तिचा वेग वाढविण्याच्या फंदात मात्र पडू नये. आणि माझ्या सेवेतील बंधूंना विनंती एवढीच, की 'नियमात बसत नाही' असे लिहिण्यापूर्वी नियम कशासाठी आहे, हे दोन वाक्यांत लिहावे. ती दोन वाक्ये एखाद्याचा डोळा वाचवू शकतात.