नोकरी गेली, तरी लॉगिन चालू? सर्व्हरवरचं खातं बंद करणं एवढं किचकट का असतं

जानेवारी 2023 मध्ये गुगलने सुमारे 12 हजार जणांना कमी केलं. त्यांतल्या अनेकांना ते कळलं, ते लॉगिन होईना म्हणून. 'माणुसकी उरली नाही', असा सूर सोशल मीडियावर उमटला. पण कंपन्या एवढी घाई का करतात? त्यासाठी 2008 सालचं एक प्रकरण पाहू.

अमेरिकेतल्या फॅनी मे या गृहकर्ज क्षेत्रातल्या बड्या संस्थेत एक कंत्राटी युनिक्स इंजिनिअर होता. 24 ऑक्टोबरला दुपारी त्याला काढलं. लॅपटॉप जमा करायला सांगितलं, पण सर्व्हरवरचा त्याचा प्रवेश रात्री उशिरा बंद झाला. पाच दिवसांनी दुसऱ्या इंजिनिअरला नेहमीच्या एका प्रोग्राममध्ये लपवलेला कोड सापडला. 31 जानेवारी 2009 ला तो आपोआप सुरू होऊन सगळ्या सर्व्हरवरचा डेटा पुसणार होता! त्या माणसाला 2010 मध्ये 41 महिन्यांची शिक्षा झाली.

तेव्हा लॉगिन लगेच तोडणं चूक नाही. न सांगता तोडणं चूक आहे. समोर बसवून सांगताना दुसरीकडे खातं बंद करता येतंच की.

आता 'बंद करणं' म्हणजे काय?

लिनक्समध्ये पासवर्ड लॉक केला, की 'शॅडो' नावाच्या फाइलमध्ये त्या सांकेतिक पासवर्डाआधी उद्गारचिन्ह लागतं आणि पासवर्ड जुळेनासा होतो. बऱ्याच जणांना वाटतं, झालं काम. पण सर्व्हरवर अनेकदा एसएसएच-की, म्हणजे लॅपटॉपमधली डिजिटल किल्ली वापरून शिरतात. पासवर्ड लॉक झाला तरी ही किल्ली बहुधा चालतेच. म्हणून खात्याची मुदतच संपवतात. शिवाय आत गेल्यावर आदेश घेणाऱ्या 'शेल'च्या जागी 'नोलॉगिन' बसवतात; तो 'खातं उपलब्ध नाही' एवढं सांगून बाहेर काढतो. यातलं काहीही केलं तरी आधीपासून आत असलेला माणूस आतच राहतो. त्याचं चालू सेशन वेगळं तोडावं लागतं. आणि फॅनी मेसारखा दुसऱ्याच प्रोग्राममध्ये पेरलेला कोड? खातं बंद केल्याने त्याला काहीच होत नाही, तो शोधावाच लागतो.

मग खातं सरळ डिलीटच का करू नये? कारण मागे राहिलेल्या फाइल्सवर मालकाचा फक्त क्रमांक उरतो. उद्या तोच क्रमांक नव्या कर्मचाऱ्याला मिळाला, तर आदल्या माणसाच्या सगळ्या फाइल्स त्याच्या मालकीच्या होतात.