हेलिकॉप्टरमधून उतरल्यावर कुठे वळाल?

केदारनाथची चढण ज्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही अशी कित्येक मंडळी फाटा, सिरसी किंवा गुप्तकाशीहून हेलिकॉप्टरने जातात. उडण्याची धास्ती सगळ्यांनाच असते. उतरल्यानंतरच्या वीस-पंचवीस पावलांची मात्र कुणालाच नसते! 23 एप्रिल 2023 रोजी, यात्रा सुरू होण्याच्या दोन दिवस आधी, केदारनाथच्या हेलिपॅडवर शेपटीच्या पंख्याचा फटका बसून एक सरकारी अधिकारी मरण पावले. हेलिकॉप्टर त्या वेळी जमिनीवरच होते.

पक्क्या हेलिपॅडवर जमीन सपाट असते. पण पूर आला, दरड कोसळली की डोंगरात मिळेल त्या जागी उतरावे लागते. 2013 च्या प्रलयात उत्तराखंडातून असंख्य यात्रेकरूंना हेलिकॉप्टरने बाहेर काढले गेले, तेव्हा सपाट जागा कुठून आणणार?

उतारावर एक साधी गोष्ट घडते. डोक्यावरची पाती जवळपास आडवीच फिरत असतात, एका बाजूची जमीन मात्र वर चढत जाते. यात्रेच्या मार्गांवर दिसणाऱ्या बेल 407 चे पाते मध्यापासून सुमारे सतरा फूट लांब असते. जमीन दर दहा फुटांना एक फूट चढत असेल, तर पात्याच्या टोकाखाली पोहोचेपर्यंत डोक्यावरची जागा दीड फुटाहून अधिक घटलेली असते. म्हणून उतरल्यावर नेहमी उताराच्या बाजूने, वाकून बाहेर पडावे. देऊळ, पायवाट, हात हलवणारे नातेवाईक वरच्या अंगाला असले तरीही! हेलिकॉप्टरकडे येतानाही खालच्या बाजूनेच यावे.

आपले दार चढाकडे उघडत असेल तर? जागेवरच बसून राहावे आणि वैमानिकाची किंवा कर्मचाऱ्याची खूण होईपर्यंत पट्टा सोडू नये. वळसा घालायला सांगितलेच, तर तो नाकासमोरून, वैमानिकाच्या नजरेच्या टप्प्यातून घालावा. शेपटीकडून कधीही नाही. तिथला छोटा पंखा इतक्या वेगाने फिरतो की डोळ्यांना दिसतच नाही, आणि मागे कोण आले हे वैमानिकालाही कळत नाही.

पंखा मंदावला की लोक बिनधास्त होतात. हे चुकीचे आहे. वेग ओसरताना पाती लवतात आणि वाऱ्याच्या झोताने आणखी खाली झुकू शकतात. ती पूर्ण थांबेपर्यंत ताठ उभे राहू नये.

ओढणी, मफलर, टोपी आधीच काढून पिशवीत कोंबावी. एवढे करूनही काही उडालेच, तर त्यामागे धावू नये. लहान मुलांचा हात सोडू नये आणि फोटोची हौस हेलिपॅडबाहेर पुरवावी. यात्रेकरूंच्या हाती हमखास असते ती काठी. ती खांद्यावर घेऊ नये, उंच करू नये. कमरेच्या खाली आडवी धरावी.