'कल्प्रिट' ठरवणारे आपण कोण?

मागच्या आठवड्यात आपल्या पांढरकवड्यातल्या चार-पाच ग्रुपवर एका पोराचा फोटो फिरला. खाली लिहिलेलं, 'हाच तो कल्प्रिट!' पोलिसांनी त्याला चौकशीला नेलं अन् संध्याकाळी सोडून दिलं. तो सुटल्याची पोस्ट मात्र एकानंही टाकली नाही.

भाऊ, हा शब्द आला कुठून माहीत आहे? जुन्या काळी इंग्लंडच्या कोर्टात फ्रेंच चालायची. आरोपी 'मी निर्दोष' म्हणाला की सरकारी कारकून त्याला उत्तर द्यायचा, 'दोषी. आणि ते सिद्ध करायला आम्ही तयार आहोत.' या फ्रेंच वाक्याचं दप्तरातलं थोडक्यातलं रूप 'कल. प्रिट'. पुढं फ्रेंच मागं पडली आणि ती आरोपीला मारलेली हाकच वाटू लागली, अशी याची व्युत्पत्ती सांगतात. १६७८ च्या एका खटल्यात हा शब्द पहिल्यांदा सापडतो.

म्हणजे अर्ध्या शब्दात आरोप, अर्ध्या शब्दात तो सिद्ध करायची हमी. आपण आरोप तेवढा ठेवला, हमी गिळून टाकली.

आणि हे फक्त पोरांच्या ग्रुपवरच चालतं का? २०१७ आठवा. आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. तेव्हा पहिलं बोट कोणाकडं गेलं? मेलेल्याकडंच. 'मास्क घातला नाही, हातमोजे घातले नाहीत.' डोक्याच्या वर गेलेली पराटी, अंग भाजणारं ऊन, रोजीवर आलेला माणूस. त्याला मास्क दिला होता का कोणी? ते औषध कोणी विकलं, कोणी तपासलं? हे प्रश्न मागून आले. निकाल आधीच लागला होता, अन् कैफियत द्यायला आरोपी जिवंत नव्हता.

दुसऱ्यालाच कशाला बोलू? 'आरोपी'च्या जागी 'गुन्हेगार' मीही छापलं आहे. मथळा जोरदार होतो ना! पण त्या मथळ्याखाली एक घर दबतं. त्या घरातल्या पोरीची सोयरीक मोडते, भावाचं काम सुटतं. कोर्टानं पुढं निर्दोष सोडलं तरी गाव सोडत नाही.

आरोप जरूर करा. चोराला चोर म्हणायला भ्यायचं नाही. पण फोटो पुढं ढकलण्याआधी स्वतःला एकच विचारा : सिद्ध करायला मी तयार आहे का?

नसाल, तर कल्प्रिट कोण?