जोकर अजून जिवंत कसा?

जीव घ्यायचा नाही हा नियम मुळात बॅटमॅनचा नव्हताच. १९३९ साली ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७व्या अंकात तो पहिल्यांदा आला, तेव्हा त्याच्या ठोशाने एक गुन्हेगार आम्लाच्या टाकीत पडून मेला आणि या गड्याला त्याचं काही वाटलं नाही. पुढच्या वर्षी त्याने विमानातून मशीनगनही चालवली. तेव्हा संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी फर्मान काढलं, हे बंद. जोकरसुद्धा पदार्पणाच्या अंकातच मरायचा होता; संपादकांनी शेवटी एक चौकट वाढवायला लावली म्हणून वाचला. इतका चांगला खलनायक कोण फुकट घालवेल?

तत्त्वज्ञान नियमाला नंतर चिकटलं. त्यातलं सगळ्यात गाजलेलं समर्थन मला सगळ्यात लंगडं वाटतं. बॅटमॅनचा साथीदार, दुसरा रॉबिन जेसन टॉड, जगावा की मरावा हे १९८८ मध्ये वाचकांनी फोन करून ठरवलं. ५,३४३ विरुद्ध ५,२७१. अवघ्या ७२ मतांनी पोरगं जोकरच्या हातून गेलं. पुढे २००५च्या सुमारास कथेत परतलेला जेसन विचारतो, मला मारणारा अजून जिवंत कसा? बॅटमॅनचं उत्तर असं की, एकदा त्या वाटेला लागलो तर मागे फिरता येणार नाही. म्हणजे काळजी स्वतःच्या मनाची! जोकरने त्यानंतर मारलेल्यांच्या घरच्यांनी या उत्तराचं काय करायचं?

तरीही मी नियमाच्याच बाजूने आहे, आणि त्याचं कारण तो मुखवटा. पोलिसाने गोळी झाडली तर पंचनामा होतो, निदान व्हावा अशी अपेक्षा असते. न्यायाधीश चुकला तर वरचं कोर्ट असतं. बुरख्याआडच्या माणसाने चुकीचा माणूस मारला, तर समन्स कोणाच्या नावाने काढणार?

‘कधीच नाही’ असंही मी म्हणणार नाही. २००५ मध्ये खलनायक मॅक्सवेल लॉर्डने सुपरमॅनचं मन ताब्यात घेतलं होतं. वंडर वुमनच्या सत्य वदवणाऱ्या दोरीत अडकल्यावर त्यानेच सांगितलं, मला मारल्याशिवाय हे थांबणार नाही. तिने त्याची मान मोडली. त्या घडीला दुसरा मार्ग नव्हता. मी तिला दोष देत नाही. १९८८ मधल्या सुपरमॅनचं मात्र वेगळं. एका अख्ख्या पृथ्वीवरची माणसं संपवणाऱ्या तिघांना त्याने क्रिप्टोनाइटने मारलं, पण तेव्हा त्यांची शक्ती आधीच काढून घेतलेली होती. तो बचाव नव्हता, देहदंड होता. त्यालाही ते सोसलं नाही. पृथ्वी सोडून अवकाशात निघून गेला.

जोकरची गोष्ट या दुसऱ्या जातीची. बॅटमॅन त्याला बांधून पोलिसांच्या हवाली करतो, तिथे त्याचं काम संपतं. पुढे फाशी की जन्मभर कोठडी, हा गॉथमच्या न्यायालयाचा प्रश्न. ते त्याला पुन्हा पुन्हा अर्खमच्या मनोरुग्णालयात धाडतं, तो पुन्हा पुन्हा पळतो, आणि आपण जाब विचारतो तो बॅटमॅनला. अर्खमच्या अधीक्षकाची एकदा तरी खातेनिहाय चौकशी झालेली मला वाचायची आहे.